वनपिंगळा : सातपुड्यातील एका दुर्मिळ पक्ष्याचा परिचय
(इयत्ता चवथी व पाचवीस परिसर अभ्यास शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

पाठ्यपुस्तक हे सबंध राज्याकरिता लिहिलेले असते. त्यात प्राण्यांचा पाठ आला म्हणजे वाघ, हत्ती, मोर ह्यांची चित्रे येतात आणि ते योग्यच आहे. परंतु धडगाव, तळोदे, अक्कलकुवा किंवा शहादे तालुक्यातील शाळेत जो मुलगा बसलेला असतो, त्याच्या घरामागच्या टेकडीवर असा एक पक्षी राहतो की, ज्याच्या शोधासाठी साता समुद्रांपलीकडून विद्वान माणसे येथवर आली. त्या पक्ष्याचे नाव वनपिंगळा. मुलांना त्याची ओळख त्यांच्या गुरुजींकडून किंवा बाईंकडून व्हावी, ह्या हेतूने पुढील माहिती देत आहोत. हा पाठ जसाच्या तसा वर्गात वाचून दाखविण्यासाठी नाही. शिक्षकांनी तो प्रथम स्वतः समजून घ्यावा आणि मग आपल्या गावाच्या रानाला धरून आपल्या शब्दांत सांगावा.

पाठाचा आरंभ साध्या पिंगळ्यापासून करावा, कारण तो मुलांनी पाहिलेला असतो. गावालगतच्या वडाच्या किंवा चिंचेच्या ढोलीत, पडक्या भिंतीच्या भोकात त्याचे जोडपे राहते. दिवेलागणीला त्यांचा कलकलाट सुरू होतो. अंग तपकिरी, त्यावर पांढरे ठिपके, वाटोळे डोळे आणि माणूस जवळ आला की मान वर-खाली करून टक लावून पाहण्याची खोड, हे सर्व मुले आपण होऊन सांगतील. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या जोश्यालाही आपल्याकडे पिंगळा म्हणतात, हे वडील मंडळींना ठाऊक असते. हा पक्षी बोलला तर शुभ की अशुभ, ह्याची चर्चा फार जुनी आहे. त्या चर्चेकडे आपण पुढे वळू.

वनपिंगळा हा ह्याच पिंगळ्याचा रानातील भाऊबंद होय. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे साध्या पिंगळ्याहून किंचित मोठा. तो ओळखण्याची खूण अशी : साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात, वनपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, सरळ तपकिरी करडी असते. पंखांवर व शेपटीवर मात्र गडद व पांढरे पट्टे ठळक असतात. पोटाचा मधला भाग पांढरा स्वच्छ असतो. डोके व चोच शरीराच्या मानाने मोठी आणि पाय पांढऱ्या पिसांनी दाट झाकलेले. ह्या खुणा फळ्यावर दोन आकृत्या शेजारी शेजारी काढून दाखवाव्यात. चित्रकला चांगली नसली तरी चालेल. ठिपके कोठे आहेत आणि कोठे नाहीत, एवढेच मुलांच्या ध्यानात यावयास हवे.

आता ह्या पक्ष्याचा इतिहास. तो सांगताना वेळेची काटकसर करू नये, कारण एखादी गोष्ट खरी की खोटी हे विज्ञानात कसे ठरते, ते मुलांना समजावून देण्यास ह्यासारखे उदाहरण जिल्ह्यात दुसरे नाही.

१८७२ च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगढमधील फुलझर परिसरात एफ. आर. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला एक घुबडवर्गीय पक्षी मिळाला. त्याने तो अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांच्याकडे पाठविला. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी भारतीय पक्ष्यांचा फार मोठा अभ्यास केला होता. हा पक्षी पूर्वी कोणी नोंदविलेला नाही, अशी खात्री झाल्यावर १८७३ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लेविट ह्यांच्यावरून त्याला ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’ असे शास्त्रीय नाव दिले. हेटेरोग्लॉक्स म्हणजे वेगळ्या प्रकारचे घुबड. (पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून तो साध्या पिंगळ्याच्याच कुळातील असल्याचे दिसून आले. भाऊबंद हा शब्द वर आम्ही योजला तो त्यामुळेच.)

ह्यानंतर काही वर्षांतच जेम्स डेव्हिडसन ह्या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक खानदेशात झाली. त्यालाही पक्ष्यांचा नाद होता. १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत त्याने शहादे व तळोदे भागातून ह्या पक्ष्याचे अनेक नमुने जमविले. त्या काळी दुर्बिणी चांगल्या नव्हत्या, छायाचित्रे तर नव्हतीच. पक्षी मारून त्याचे कातडे भरून ठेवणे हीच अभ्यासाची पद्धत होती. आज आपण तसे करीत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. सगळे मिळून जगातील संग्रहालयांत ह्या पक्ष्याची सातच कातडी जमा झाली, आणि त्यांतील बहुतेक आपल्या पश्चिम खानदेशातील होती.

१८८४ नंतर मात्र वनपिंगळा कोणाच्या खात्रीशीर दृष्टीस पडला नाही. शंभर वर्षे लोटली. दरम्यान रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता. तो १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला, असे त्यावरील चिठ्ठीत लिहिलेले होते. हा गृहस्थ नामांकित. त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? १९७० नंतरच्या दशकात डॉ. सलीम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले ह्यांच्यासारख्या थोर अभ्यासकांनी वनपिंगळ्याचा शोध घेतला, पण ह्याच नोंदीमुळे शोधाची दिशा चुकली. पक्षी मिळाला नाही. तो बहुधा नष्ट झाला असावा, असे लोक म्हणू लागले.

पुढे अमेरिकेतील पामेला रासमुसेन ह्या अभ्यासिकेने संग्रहालयांतील ही कातडी एकेक करून तपासली. क्ष-किरणांची मदत घेतली. तेव्हा आढळले की, १९१४ चा म्हणून ठेवलेला पक्षी मुळात डेव्हिडसननेच भरलेला होता. ब्रिटिश संग्रहालयातून तो चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती! माइनर्टझागेनच्या इतर अनेक नमुन्यांबाबतही असाच प्रकार उघडकीस आला. म्हणजे गुजरातची नोंद बाद झाली आणि खरी ठिकाणे तेवढी उरली. ती पूर्वेकडे छत्तीसगढ-ओडिशाच्या बाजूस आणि पश्चिमेकडे शहादे-तळोद्याच्या बाजूस होती.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आले. आधी पूर्वेकडील जागा धुंडाळल्या. तेथे यश आले नाही. मग ते शहाद्यास आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, एका झाडाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. डोक्यावर ठिपके नव्हते, पोट पांढरे होते, पायांवर दाट पिसे होती. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. एकशे तेरा वर्षांनी ह्या पक्ष्याचा पत्ता लागला होता. त्या दिवशी शहादे धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा त्यानंतर सात महिन्यांनी, १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला.

‘पुन्हा शोध लागला’ असे आपण म्हणतो, तेव्हा एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील : आमच्या आजोबांना तो दिसत नव्हता काय? प्रश्न रास्त आहे. पाडे-वस्त्यांवरील लोकांना तो दिसत असणारच. परंतु ते त्याला पिंगळ्यांपैकीच एक समजत असतील, आणि त्यांना कोणी विचारलेही नसेल. शास्त्राची नोंद आणि रानात राहणाऱ्या माणसाचे ज्ञान ह्या दोन गोष्टींची गाठ पडली नाही, एवढाच ह्याचा अर्थ. ती गाठ घालून देणारी व्यक्ती गावात कोणी असेल तर ती शाळेचा शिक्षक होय, असे आम्हांस वाटते.

१९९८ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ व तळोदे येथील जंगलांत राहून ह्या पक्ष्याच्या सवयी टिपल्या. त्यांतून बरीच माहिती हाती आली. घुबड म्हटले की रात्र, असे समीकरण आपल्या मनात असते. वनपिंगळा मात्र दिवसा हिंडतो. थंडीच्या दिवसांत सकाळी तो झाडाच्या शेंड्याकडे उन्हात बसलेला आढळतो. सावज दिसले किंवा मन अस्वस्थ झाले की शेपूट डावी-उजवीकडे झटकतो. बसल्या जागेवरून जमिनीकडे झेप घ्यायची आणि भक्ष्य उचलायचे, ही त्याची शिकारीची रीत. त्याच्या खाण्याची पाहणी केली तेव्हा शेकडा ६० च्या आसपास सरडे, पाली आणि सापसुरळ्या निघाल्या. सुमारे १५ टक्के उंदीरवर्गीय प्राणी. पक्षी अगदी थोडे. बाकी किडे आणि बेडूक. उंदीर आणि किडे हे शेतकऱ्याचे शत्रू, तेव्हा हा पक्षी कोणाच्या बाजूचा, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

त्याचे घरटे झाडाच्या ढोलीत असते. विणीचा हंगाम साधारणतः ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. अंडी बहुधा दोनच. मादी ढोलीत बसून अंडी उबविते, पिले सांभाळते. नर शिकार करून तिला आणून देतो. सुमारे महिन्याने पिले ढोलीबाहेर पडतात. दोन अंडी, त्यांतून वाचलेच तर एखादे पिलू, असा हा हिशेब आहे. एक ढोली फोडली गेली तर त्या जोडप्याचे वर्ष वाया जाते.

आता तो जंगलात नेमका कोठे राहतो, हे पाहू. त्याला दाट काळोखे अरण्य नको आणि उजाड माळही नको. साग, सालई, मोई, लेंडिया अशा पानगळीच्या झाडांचे, मधून मधून मोकळे असलेले रान त्याला मानवते. अशा रानात ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, सरडे-सापसुरळ्या उन्हाला बाहेर येतात आणि वरून त्या नजरेस पडतात. शिवाय राहण्यासाठी जुने, जाड, ढोली पडलेले झाड हवे. लाकूडतोड्याच्या दृष्टीने पोकळ झाड निरुपयोगी. वनपिंगळ्याच्या दृष्टीने तेच एक घर. सागाची रोपे ओळीने लावली म्हणजे हिरवळ दिसते खरी, पण त्या झाडांना ढोली पडण्यास माणसाचे सबंध आयुष्य जावे लागते.

साधा पिंगळा गावात, शेतात, पडक्या घरात कोठेही निभावून नेतो. वनपिंगळ्याला ते जमत नाही. ठराविक परिस्थितीवाचून जगू न शकणारे असे प्राणी जगात इतरत्रही आहेत. आफ्रिकेच्या पूर्वेस मादागास्कर नावाचे बेट आहे. (शिक्षकांनी जगाचा नकाशा घ्यावा.) तेथे लेमूर नावाचे माकडांच्या दूरच्या नात्यातील प्राणी राहतात. जगात रानटी अवस्थेत ते त्या बेटाच्या परिसरातच सापडतात. त्यांतील काही जाती बांबूवर जगतात. मोठा बांबू-लेमूर तर बळकट जबड्याने बांबू सोलून आतला गाभा खातो. दुसरे काही तो फारसे खातच नाही. बरीच वर्षे तो नामशेष झाला अशी समजूत होती. १९८६ मध्ये त्याचा पुन्हा पत्ता लागला. त्याच वर्षी त्याच भागात सोनेरी रंगाचा आणखी एक बांबू-लेमूर अभ्यासकांना सापडला. तो बांबूचे जे कोवळे कोंब खातो त्यांत सायनाइड नावाचे विष असते, आणि त्याच्या वजनाच्या प्राण्याला जेवढे पुरून उरेल त्याच्या जवळजवळ बारापट विष तो रोज पचवितो! बांबूचे कोंब उकडून, पाणी टाकून मगच का खातात, ह्याचे उत्तर मुलांना येथे मिळेल. ह्या लेमुरांसाठी १९९१ मध्ये रानोमाफाना येथे राष्ट्रीय उद्यान करण्यात आले. परंतु बांबूचे रान तुटले की त्या प्राण्यांना दुसरीकडे जाता येत नाही. ढोलीचे झाड तुटल्यावर वनपिंगळ्याची जी गत होते, तीच त्यांची होते.

लेमुरांचा उल्लेख करण्यास आणखी एक कारण आहे. लेमूर हा शब्द लॅटिन भाषेतील असून त्याचा अर्थ मेलेल्यांची भुते असा होतो. मोठ्या डोळ्यांचे, रात्री हिंडणारे प्राणी पाहून लिनिअस ह्या शास्त्रज्ञाने ते नाव दिले. त्यांतील आय-आय ह्या जातीला बेटावरील काही भागांत अपशकुनी मानतात आणि दिसताक्षणी मारतात. त्या प्राण्याने कोणाचे काहीच केलेले नसते. रात्रीच्या वेळी वटारलेले डोळे दिसले की माणूस घाबरतो, मग तो मादागास्करचा असो, पुण्याचा असो की धडगावचा असो. तेव्हा घुबडाविषयीचे भय ही अमुक एका जमातीची अडाणी समजूत आहे, अशा सुरात शिक्षकांनी बोलू नये. ते खरेही नाही, आणि त्याने मुलांची मने दुखावतात. शहरांतही दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रासाठी घुबडे चोरून विकली जातात.

तथापि हे भय आणि त्यातून येणारी हत्या वनपिंगळ्याला परवडणारी नाही, हेही तितकेच खरे. जगात ह्या जातीचे प्रौढ पक्षी हजाराच्या आत असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. अंडी काढणे, गलोलीने नेम धरणे, पिसे वा नखे तोडग्यासाठी घेणे ह्या गोष्टी तोरणमाळ भागातील अभ्यासकांना दिसून आल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे. त्याला मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे. कायद्याचा धाक वर्गात घालण्याची गरज नाही, परंतु पालकसभेत हे एकदा स्पष्ट सांगितलेले बरे.

हत्येपेक्षाही मोठे संकट रान कमी होण्याचे आहे. जंगल मोडून शेती होते, सरपणासाठी झाडे जातात, मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात आणि ती आग कधी कधी डोंगरभर पसरते. पाचोळ्याबरोबर सापसुरळ्याही जळतात. शेतात उंदरांसाठी टाकलेले विष उंदीर खाणाऱ्याच्या पोटात जाते. सरदार सरोवरात ज्यांची घरे-शेते बुडाली, त्या नर्मदाकाठच्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याकडील वनजमीन देण्यात आली. त्या माणसांना जमीन मिळणे न्याय्यच होते. पण त्यात रानाचा एक मोठा तुकडा गेला, हेही नाकारता येत नाही. असे प्रश्न मुलांपुढे एका बाजूने मांडू नयेत. आता वनहक्क कायदा, २००६ अन्वये अनेक गावांना आपल्या जंगलाच्या राखणीचा हक्क मिळाला आहे. राखावयाच्या झाडांच्या यादीत ढोलीची जुनी झाडे घालणे हे ग्रामसभेच्या हातचे काम आहे, आणि त्यास पैसा लागत नाही.

वनपिंगळा आता आपल्याच जिल्ह्यात आहे असे नाही. मेळघाटात त्याची वस्ती चांगली आहे; जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात, मध्य प्रदेशात खंडव्याच्या बाजूस, २०१४ मध्ये तर थेट तानसा अभयारण्यात तो आढळला. ह्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ वर्गात घातले. येथे एक गैरसमज टाळावा. पक्षी वाढले म्हणून हा बदल झाला नाही. अधिक ठिकाणी शोध घेतला म्हणून तो अधिक ठिकाणी सापडला, एवढेच.

प्रत्यक्ष काम कसे करावे, ह्याविषयी थोडे. तळोदे, अक्रानी व शहादे तालुक्यांतील डोंगराळ शाळांनी नोव्हेंबर ते जानेवारीत एखाद्या सकाळी मुलांना रानाच्या कडेपर्यंत न्यावे. दहांहून अधिक मुले एका वेळी नेऊ नयेत, आणि ढोलीजवळ तर मुळीच जाऊ नये. पक्षी दिसलाच तर लांबून पाहावा. डोक्यावर ठिपके आहेत काय, शेपूट आडवी हलते काय, पक्षी किती वाजता व कोणत्या झाडावर बसला होता, हे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहावे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलाविण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. विणीच्या दिवसांत त्याने पक्षी बिथरतात.

नवापूर, नंदुरबार येथील सपाटीवरील शाळांनी साध्या पिंगळ्यावर हाच पाठ घ्यावा. पिंगळ्याच्या नेहमीच्या बैठकीखाली शोधले तर त्याने ओकून टाकलेल्या लहान गोळ्या सापडतात. न पचलेली हाडे, केस, किड्यांची कवचे त्यांत असतात. अशी गोळी वाळवून, काडीने उकलून, तीत किती उंदरांचे जबडे निघतात ते मोजावे. मुले ह्या कामात रंगून जातात. हात साबणाने धुण्यास मात्र लावावे.

शेवटी, पक्ष्यांची स्थानिक नावे गोळा करण्याचे काम. पावरी, भिली, मावची, कोकणी, अहिराणी ह्या बोलींत पिंगळ्याला व घुबडांच्या निरनिराळ्या जातींना काय म्हणतात, हे मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून यावे. नाव, बोली, गाव, सांगणाऱ्याचे नाते, आणि त्या पक्ष्याविषयी घरात सांगितली जाणारी गोष्ट, असे पाच रकाने वहीत आखावेत. एखादा आजोबा सांगेल की, ठिपके नसलेला पिंगळा वेगळा आणि त्याचे नावही वेगळे. तसे सांगणारे कोणी भेटल्यास ते नाव त्या बोलीतील उच्चाराप्रमाणेच लिहून घ्यावे, प्रमाण मराठीत सुधारू नये, आणि वही शाळेच्या दप्तरात जपून ठेवावी. ढोलीचे झाड कोणते, हे मात्र त्या वहीत लिहू नये.